पोहण्याच्या हौदाचे पाणी आणि खाण्याचा सोडा



राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. शहरातून येणाऱ्या कुटुंबांसाठी, विशेषतः मुलांसाठी, शेतावर पोहण्याचा छोटा हौद बांधणारे शेतकरी आहेत. काहींनी घरच्यांसाठीही असा हौद केला आहे. हौद बांधणे सोपे, पाणी राखणे मात्र अवघड. पाणी बिघडले की डोळे चुरचुरतात, सिमेंट खडबडीत होते किंवा फरशीवर पांढरा थर बसतो. अशा वेळी “पाण्यात खाण्याचा सोडा टाका” असा सल्ला मिळतो. हा सल्ला काही हौदांसाठी अगदी योग्य आहे, पण जळगाव जामोद परिसरात तो सरसकट पाळल्यास हौद आणि शेत दोन्हींचे नुकसान होऊ शकते. म्हणून सोडा काय करतो, केव्हा वापरावा आणि केव्हा टाळावा हे नीट समजून घेऊ.

सामू आणि विम्लता

सामू म्हणजे आम्ल-विम्ल निर्देशांक. माती परीक्षणाच्या अहवालातून तो आपल्या परिचयाचा आहे. पोहण्याच्या पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ असावा. पाण्याची विम्लता ही वेगळी बाब आहे. आम्ल मिसळले तरी सामू टिकवून धरण्याची पाण्याची जी ताकद, तिला विम्लता म्हणतात. ही ताकद मुख्यतः पाण्यातील बायकार्बोनेटमुळे येते. हौदाच्या पाण्यात ती दर लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम असावी.

विम्लता कमी पडली की सामू स्थिर राहत नाही. थोडा पाऊस पडला किंवा औषध टाकले तरी तो वरखाली होतो. पाणी आम्लधर्मी होऊन सिमेंट खाते, लोखंडी शिडी गंजते. विम्लता जास्त झाली तर सामू सतत वर चढतो, चुन्याचा थर बसतो आणि क्लोरीनचा जोर कमी होतो. सामू ७.५ असताना पाण्यातील मोकळ्या क्लोरीनपैकी सुमारे निम्मा भाग जोमाने जंतू मारण्याच्या रूपात असतो. सामू ८ झाला की हा भाग सुमारे एक चतुर्थांशावर येतो. क्लोरीन टाकूनही पाणी हिरवे होत असेल, तर आधी सामू तपासावा.

खाण्याचा सोडा काय करतो?

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो पाण्याची विम्लता वाढवतो आणि सामू थोडासाच वर नेतो. हा त्याचा गुण. मात्र तो जंतू मारत नाही, शेवाळ घालवत नाही आणि गढूळ पाणी निवळतही नाही. क्लोरीनऐवजी सोडा वापरता येत नाही.

नावातील साम्यामुळे गोंधळ होऊ देऊ नये. धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) सामू एकदम वर नेतो. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्ल व पिष्ठही असते. कॉस्टिक सोडा तर कातडी जाळणारा पदार्थ आहे. या तिन्ही वस्तू खाण्याच्या सोड्याऐवजी चालणार नाहीत.

आपल्या भागातील पाणी

जळगाव जामोद तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याचा पायथा, तर दक्षिणेस पूर्णेचे खोरे आहे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरवर पसरला आहे. या पट्ट्यातील भूजलात सोडियमचे क्षार जास्त असतात आणि अनेक विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेटही मुळातच भरपूर असते. अशा पाण्यात सोडा टाकणे म्हणजे खारट भाजीत पुन्हा मीठ घालणे होय.

याउलट, प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात साठवलेले पावसाचे पाणी मऊ असते. त्याची विम्लता बहुधा कमी असते. असे पाणी हौदात भरल्यास सोडा उपयोगी पडतो. पावसाळ्यात उघड्या हौदात पावसाचे पाणी पडूनही विम्लता घटते. तुरटीने पाणी निवळून घेतले तरी विम्लता आणि सामू दोन्ही खाली येतात, म्हणून तुरटीनंतर पुन्हा तपासणी करावी.

पाणी चवीला खारट आहे किंवा नाही यावरून विम्लता ओळखता येत नाही. मिठामुळे खारट झालेल्या पाण्यातही बायकार्बोनेट कमी असू शकते. तपासणीला पर्याय नाही.

तुमच्याच अहवालात उत्तर आहे

ओलितासाठी पाणी तपासले असेल तर तो अहवाल काढून पाहा. त्यात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर (मि.इ.) या मापात दिलेले असतात. दोहोंची बेरीज करून ५० ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे दर लिटरला मिलिग्रॅममध्ये विम्लता.

• बेरीज १.६ पेक्षा कमी (८० मिलिग्रॅमच्या आत) : सोडा देता येईल.
• बेरीज १.६ ते २.४ (८० ते १२० मिलिग्रॅम) : पाणी योग्य आहे, काही टाकू नये.
• बेरीज २.४ पेक्षा जास्त : सोडा मुळीच टाकू नये.

उदाहरणार्थ, विहिरीच्या पाण्याची बेरीज ६ असेल तर विम्लता ३०० झाली. या पाण्याला सोडा नको, मऊ पाण्याची जोड हवी. अहवाल नसेल तर पाणी तपासणीसाठी जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. हौद भरल्यावर मात्र दर आठवड्याला तपासणीच्या पट्टीने सामू, विम्लता आणि क्लोरीन पाहावे.

सोड्याचे प्रमाण

प्रथम हौदातील पाणी मोजावे. चौकोनी हौदासाठी लांबी × रुंदी × पाण्याची सरासरी खोली (मीटरमध्ये) × १,००० = लिटर. गोल हौदासाठी व्यास × व्यास × खोली × ७८५ = लिटर.

दर १०,००० लिटर पाण्यास :
• विम्लता १० मिलिग्रॅमने वाढवण्यासाठी १७० ग्रॅम सोडा
• २० मिलिग्रॅमने वाढवण्यासाठी ३४० ग्रॅम
• ३० मिलिग्रॅमने वाढवण्यासाठी ५१० ग्रॅम
• ४० मिलिग्रॅमने वाढवण्यासाठी ६८० ग्रॅम

समजा हौद ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि पाणी १.२ मीटर खोल आहे. म्हणजे पाणी २१,६०० लिटर. विम्लता ५० आहे, ती ९० वर न्यायची आहे. वाढ ४० ची, म्हणून सोडा लागेल सुमारे दीड किलो.

सोडा देण्याची पद्धत

१) हौदात कोणी नसताना सोडा द्यावा.
२) हिशेबाच्या निम्मा सोडा बादलीभर पाण्यात पूर्ण विरघळवावा.
३) पंप चालू ठेवून हे पाणी काठाने फिरत सगळीकडे ओतावे.
४) दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी करून गरज असेल तरच उरलेला सोडा द्यावा.
५) सोडा आणि क्लोरीनचे औषध कधीही एकत्र कालवू नये. दोन्ही वेगवेगळ्या वेळी द्यावेत. उन्हात क्लोरीन लवकर उडते, म्हणून ते सायंकाळी द्यावे.

विम्लता योग्य असून फक्त सामू कमी असेल तर सोडा टाकू नये. कारंजे किंवा फवारा चालवून पाण्यात हवा खेळवावी. त्याने सामू हळूहळू वर येतो.

विम्लता जास्त असल्यास

सर्वांत सोपा उपाय म्हणजे काही पाणी काढून शेततळ्याचे मऊ पाणी भरणे. आम्ल वापरण्याची वेळ आली तर ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी वायू निघतो. दोन्ही वस्तू एका खोलीतही ठेवू नयेत. लिंबू किंवा व्हिनेगर ओतून हौदाची विम्लता उतरवण्याचा खटाटोप करू नये.

हौदातील पाणी पिकाला द्यावे काय?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दीड किलो खाण्याच्या सोड्यात सुमारे ४०० ग्रॅम सोडियम असते. पाण्याची वाफ होते, सोडियम मागे राहते. वरच्या उदाहरणात सोड्यामुळे पाण्यातील उर्वरित सोडियम कार्बोनेट ०.८ मि.इ. ने वाढले. ओलितासाठी हा आकडा १.२५ पर्यंत सुरक्षित, १.२५ ते २.५ मध्यम आणि त्यापुढे अयोग्य मानतात. म्हणजे मूळचे १.० असलेले पाणी १.८ वर गेले. जे पाणी सुरक्षित होते, ते मध्यम गटात आले.

आपल्या काळ्या, चिकण जमिनीत सोडियम वाढले की मातीचे कण विस्कटतात, पाणी मुरत नाही, जमीन चोपण होते. कपाशी-तुरीच्या शेतात वर्षानुवर्षे असे पाणी सोडल्यास होणारे नुकसान जिप्सम टाकून भरून काढण्यास वेळ आणि पैसा दोन्ही लागतात.

म्हणून हौद रिकामा करण्यापूर्वी चार-पाच दिवस क्लोरीन देणे बंद करावे आणि पट्टीवर क्लोरीन शून्य दिसल्यावरच पाणी सोडावे. ते विहिरीजवळ किंवा नाल्यात सोडू नये. पाण्याची क्षारता आणि उर्वरित सोडियम कार्बोनेट तपासून, योग्य आढळल्यास उत्तम निचऱ्याच्या मुरमाड जमिनीतील झाडांना आलटून पालटून द्यावे. काळ्या जमिनीत देणे टाळावे.

थोडक्यात

• तपासणीशिवाय सोडा नाही.
• शेततळ्याच्या मऊ पाण्याला सोडा उपयोगी, खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या पाण्याला बहुधा अनावश्यक.
• सोडा विम्लतेसाठी, क्लोरीन जंतूंसाठी. एकाचे काम दुसरा करत नाही.
• हौदात टाकलेले सोडियम शेवटी कुठे जाणार, हे आधी ठरवावे.

किराणा दुकानात सोडा स्वस्त मिळतो, पण बिघडलेली जमीन सुधारणे स्वस्त नाही. पाण्याचा अहवाल हाती घेऊन, वजन करूनच सोडा वापरावा.