आरओ संच घेण्यापूर्वी पाण्याचा हिशेब करा

बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास आरओ संच निवडण्यापूर्वी ईसी, सामू, कॅल्शिअम, बायकार्बोनेट, लोह आणि सिलिका तपासून घ्या. कॅल्शिअम व बायकार्बोनेटमुळे मेम्ब्रेनवर क्षारांचा थर बसतो, तर गाळाने ती चोक होते. त्यामुळे सँड फिल्टरनंतर ५ मायक्रॉनचा कार्ट्रिज फिल्टर बसवावा.

सर्व पाणी आरओमधून काढण्याची गरज नसते. बोअरचे २.५ ईसीचे (डेसीसायमन प्रति मीटर) पाणी आणि आरओचे ०.१ ईसीचे पाणी समप्रमाणात मिसळल्यास ईसी सुमारे १.३ होते. टोमॅटोला ते चालते. संच निम्म्या क्षमतेचा पुरतो.

मात्र ५० टक्के रिकव्हरी असल्यास प्रत्येक १,००० लिटर गोड्या पाण्यामागे जवळपास दुप्पट क्षारांचे १,००० लिटर पाणी बाहेर पडते. ते शेतात, ओढ्यात किंवा बोअरजवळ सोडल्यास जमीन व भूजल खारवते. त्यासाठी अस्तर घातलेल्या बाष्पीभवन तळ्याची जागा आधी ठरवा. जागा नसेल, तर शेततळ्यातील पावसाचे पाणी मिसळण्याचा पर्याय निवडा.