तीनचाकी स्कूटर (अनुकूलित वाहन)

तीनचाकी स्कूटर म्हणजे पायांत दुर्बलता असलेल्या किंवा तोल सांभाळण्यास अडचण असलेल्या व्यक्तीला चालवता यावी, यासाठी मागील बाजूस जादा चाके बसवून स्थिर केलेली स्कूटर होय. कायद्याच्या परिभाषेत ती 'अनुकूलित वाहन' या वर्गात मोडते. बोलीभाषेत तिला 'साईड व्हीलची गाडी' असेही म्हणतात. महाराष्ट्रातील शहरांत व तालुक्याच्या गावांत नोकरी, शिक्षण आणि छोट्या व्यवसायांसाठी अनेक दिव्यांग व्यक्ती या वाहनाचा वापर करतात.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये बर्ट ग्रीव्ह्ज यांनी आपल्या पक्षाघातग्रस्त चुलतभावाच्या खुर्चीला इंजिन जोडले. त्यातूनच पुढे 'इन्व्हाकार' हे तीनचाकी वाहन निर्माण झाले. सुरक्षिततेच्या निकषांत न बसल्याने २००३ साली तेथील रस्त्यांवर त्याच्या वापरास बंदी आली. भारतात १९८०च्या दशकात कायनेटिक होंडासारख्या विनागिअर व बटणावर सुरू होणाऱ्या स्कूटर आल्या. त्यांत क्लच आणि गिअर नसल्याने पायांचे काम जवळजवळ संपले. दोन्ही ब्रेक हातात असल्याने तोल सांभाळण्याचा प्रश्न तेवढा उरला आणि तो जादा चाकांनी सोडवला.

रचनेचे प्रकार

पहिल्या प्रकारात स्कूटरचे मूळ मागचे चाक तसेच राहते आणि त्याच्या दोन्ही बाजूंस एक-एक चाक लोखंडी सांगाड्यावर बसवले जाते. अशा गाडीची जमिनीवर प्रत्यक्षात चार चाके असतात. तरीही व्यवहारात तिला तीनचाकीच म्हणतात. दुसऱ्या प्रकारात मूळ मागचे चाक काढून तेथे दोन चाकांचा आस बसवतात. या प्रकारात वळणावर आतले व बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरावे लागते. म्हणून डिफरन्शियलची किंवा एकाच चाकाला गती देण्याची योजना करावी लागते. पहिला प्रकार स्वस्त व दुरुस्तीस सोपा असल्याने अधिक आढळतो.

तोलाचे शास्त्र

साधी स्कूटर वळताना आतल्या बाजूला कलते आणि त्यामुळेच ती पडत नाही. जादा चाके बसवलेली गाडी कलू शकत नाही. वळणावर ती बाहेरच्या बाजूला उलटू पाहते. वेग दुप्पट झाला की हा बाहेर फेकणारा परिणाम चौपट होतो. शिवाय या गाडीचा आधार त्रिकोणी असतो, म्हणजे मागे रुंद व पुढे निमुळता. वळणावर जोराने ब्रेक दाबल्यास भार पुढच्या चाकाकडे, म्हणजे निमुळत्या भागाकडे सरकतो आणि उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून वेग वळणाआधी सरळ रस्त्यावर कमी करावा. सामान खाली व मागील आसाच्या जवळ, परंतु त्याच्या पुढच्या बाजूस ठेवावे. आसाच्या बरेच मागे वजन लटकवल्यास पुढचे चाक हलके होते आणि हँडलची पकड सुटू लागते.

घरगुती देखभाल

या वाहनाचा बिघाड हा चालकासाठी केवळ खोळंबा नसतो. बंद पडलेली गाडी ढकलत नेणे त्याला बहुधा शक्य नसते. म्हणून बिघडल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा नियमित तपासणीला अधिक महत्त्व आहे. पुढील बहुतेक कामे पाटावर किंवा स्टुलावर बसून करता येतात.

चाकांतील हवा: सर्व चाकांतील हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. दोन्ही जोडचाकांतील दाब सारखा असावा. एका बाजूस हवा कमी असल्यास गाडी सतत त्या बाजूला ओढते.

जोडचाकांची उंची: चालक बसलेला असताना मूळ मागच्या चाकावर पुरेसा भार यावा लागतो. जोडचाके फार खाली आल्यास खड्ड्यात किंवा गतिरोधकावर मागचे चाक अधांतरी राहून जागीच फिरते. ती फार वर असल्यास गाडी डुलते. ही तपासणी सपाट फरशीवर करावी. उतारावर केलेले माप फसवे ठरते.

समांतरता: जोडचाकाच्या पुढच्या कडेपासून व मागच्या कडेपासून मूळ चाकापर्यंतचे अंतर दोरीने मोजावे. दोन्ही अंतरे सारखी नसल्यास टायर घासत चालतो व लवकर झिजतो.

सांगाडा: नट-बोल्ट पान्ह्याने आवळून पाहावेत. वेल्डिंगच्या सांध्यांवरील धूळ पुसून बारीक तडे शोधावेत. रंगावर उमटलेली गंजाची रेघ ही बहुधा तड्याची पहिली खूण असते. तडा आढळल्यास गाडी चालवू नये. हे काम कार्यशाळेतच करून घ्यावे.

बेअरिंग: चाक उचलून हाताने फिरवावे. खरखर किंवा आडवी हालचाल जाणवल्यास बेअरिंग बदलावे. पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेल्यास ही तपासणी लवकर करावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात किंवा शरीर कधीही नेऊ नये.

ब्रेक व पट्टा: अनेक संचांत जोडचाकांना स्वतंत्र ब्रेक नसतो, सांगाड्याचे वजन मात्र वाढलेले असते. त्यामुळे गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते व ब्रेक शू लवकर झिजतात. याच वजनाने इंजिनाकडून चाकाला गती देणाऱ्या पट्ट्यावरही ताण येतो. तो नेहमीच्या मुदतीआधी तपासून घ्यावा.

बॅटरी: ज्यांना किक मारता येत नाही, त्यांच्यासाठी बॅटरी हाच गाडी सुरू करण्याचा एकमेव मार्ग असतो. पूर्ण भारित १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचा दाब गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२.२ व्होल्टपर्यंत उतरल्यास बॅटरी निम्मी रिकामी झाली असे समजावे.

सोयीनुसार बदल

कुबड्या अडकवण्याची पकड, पाठीला टेकू, घसरू नये असा पायठाव, पाय जागेवर ठेवणारा रुंद व सहज सुटणारा पट्टा हे उपयुक्त बदल आहेत. कुबड्या चाकात किंवा हँडलमध्ये अडकणार नाहीत, हे पाहावे लागते. गाडीची रुंदी मागे वाढलेली असते. रात्री ती दिसावी म्हणून दोन्ही जोडचाकांच्या बाहेरच्या कडेला परावर्तक लावणे आवश्यक ठरते. ज्यांचा उजवा हात दुर्बल आहे, त्यांच्यासाठी ॲक्सिलरेटर डाव्या बाजूस घेता येतो. परंतु चालनाशी व ब्रेकशी निगडित असे बदल घरी न करता जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावेत.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. वाहन अनुकूलित करण्यास मात्र नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने मुभा आहे. बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत तो प्रादेशिक परिवहन कार्यालयास कळवून नोंदणी प्रमाणपत्रात नोंदवून घ्यावा लागतो. चालकाकडे अनुकूलित वाहनाचा परवाना असणेही आवश्यक आहे. बदलाची माहिती विमा कंपनीला दिलेली नसल्यास अपघातानंतर भरपाईच्या वेळी वाद उद्भवू शकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४१ नुसार दिव्यांगांना परवडेल अशा खर्चात वैयक्तिक संचार शक्य व्हावा, यासाठी सवलती देणाऱ्या व वाहनांत बदल करून देणाऱ्या योजना आखण्याची जबाबदारी शासनावर आहे.