मुराळ्याची बोट

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खानदेशातल्या पारोळ्याच्या सासुरवाशिणींचे कान दाराकडे लागतात. माहेरी न्यायला मुराळी येणार, पिशवी भरायची, आणि माहेरच्या लिंबाला बांधलेला झोका गाठायचा. जपानी चित्रकार होकुसाईचं 'आबे नो नाकामारो' हे लाकडी ठशाचं चित्र मला कळलं ते या मुराळ्यामुळे.

चित्रातला नाकामारो 717 साली शिकायला म्हणून जपानहून चीनला गेला. तेव्हा त्याची विशीसुद्धा उलटली नव्हती. तिथल्या तांग राजघराण्याच्या दरबारात चाकरी लागली, ली बाय आणि वांग वेई यांच्यासारखे कवी दोस्त झाले. छत्तीस वर्षांनी, 753 साली, परत निघालेल्या जपानी शिष्टमंडळासोबत जायची परवानगी मिळाली. निरोपाच्या रात्री समुद्रावर चंद्र उगवला. नारा गावाजवळच्या मिकासा डोंगरावर उगवायचा तोच का हा, अशा अर्थाची पाच ओळींची कविता त्यानं तेव्हा केली, असं परंपरा सांगते. म्हणजे मुराळी आला होता, बोटही सुटली होती. पण वादळानं ती अन्नामच्या, आजच्या व्हिएतनामच्या, किनाऱ्याला नेऊन टाकली. तो बुडालाच असं समजून ली बायनं शोककविता लिहिली! नाकामारो जगला, चीनला परतला आणि 770 साली तिथंच वारला.

त्याची कविता शंभर कवींच्या 'ह्याकुनिन इश्शु' या संग्रहात गेली आणि घराघरांत पोचली. 1833-34च्या सुमारास होकुसाईनं चिनी-जपानी कवितांवर 10 उभट चित्रं केली, त्यांत नाकामारोही आला: परक्या देशातल्या उंच गच्चीवर, नजर चंद्राकडे. होकुसाईनं स्वतः नव्वदांहून जास्त बिऱ्हाडं बदलली म्हणतात. अशा माणसानं घरची ओढ काढावी, याची मला गंमत वाटते.

काढली तरी त्यानं फक्त रेषा. पातळ कागदावरचं त्याचं रेखाटन चेरीच्या फळीवर पालथं चिकटवायचं. कोरणारा रेषा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड काढून टाकणार. मूळ रेखाटन त्यातच संपतं. मग रंगागणिक वेगळा ठसा. कागद तसूभरही सरकू नये म्हणून प्रत्येक फळीवर कोपऱ्यात खाच असते, तिला 'केन्तो' म्हणतात. छापणारा ओलसर कागद खाचेला टेकवतो आणि पाठीवरून 'बारेन' ही बांबूच्या पानात गुंडाळलेली गोल गादी घासतो. आभाळ असं चढत जातं. चंद्राला मात्र बऱ्याचदा ठसाच नसतो. भोवती रंग लावायचा आणि तेवढा कागद कोरा सोडायचा.