पंचेचाळीस अंशांचा वारा

मे महिन्यात दुपारी दोन वाजता वर्ध्याहून नागपूरकडे निघालेला मोटारसायकलवाला सख्ख्या भावालाही ओळखू येत नाही. डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा गुंडाळलेला, त्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत आणि हातात मोजे. पुण्या-मुंबईचा पाहुणा हमखास विचारतो, "अहो, आधीच एवढं तापलंय, त्यात हे सगळं बांधून कसं बसता?" प्रश्न रास्त आहे. अनेक वर्षं मीही "सवय आहे" एवढंच सांगायचो. खरं उत्तर कळलं तेव्हा मात्र माझं मलाच नवल वाटलं.

वाऱ्याबद्दलची आपली समजूत लहानपणीच पक्की होते. आई पदराने वारा घालते, चहा बशीत ओतून फुंकला की निवतो, पंख्याखाली बसलं की बरं वाटतं. वारा म्हणजे गारवा. पण सेलू मागे पडलं, केळझरकडचा मोकळा रस्ता लागला, थोडं बरं वाटेल म्हणून गाडी साठावर नेली की तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखी झाव येते. वेग वाढवावा तितकं अधिक भाजतं. कमी केला की उलट जरा सुसह्य होतं.

वारा मुळात गारही नसतो आणि गरमही नसतो. तो हमाल आहे. उष्णता जिथे जास्त तिथून उचलायची आणि जिथे कमी तिथे टाकायची, एवढंच त्याचं काम. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा ३० अंशांची असेल तर वारा आपल्या अंगावरची उष्णता उचलून नेतो. हवा ४५ अंशांची झाली की ओझ्याची दिशा फिरते आणि तोच हमाल बाहेरची उष्णता आणून आपल्यावर ओततो. शांत उभ्या माणसाच्या अंगाभोवती हवेचा एक पातळ थर चिकटून असतो. तो ही ओतणी काहीशी अडवतो. गाडीवर ताशी साठच्या वाऱ्यात तो थर टिकत नाही. वादळाच्या वेगाची तापलेली हवा थेट कातडीवर घासत जाते.

ही गोष्ट मोटारसायकलीच्याही कितीतरी आधी, १७७४ साली, लंडनमध्ये एका खोलीत दिसून आली होती. चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचे डॉक्टर, त्यांचे सहकारी जॉर्ज फोर्डाइस आणि आणखी काही जण मुद्दाम तापवलेल्या खोलीत जाऊन उभे राहत. खोली किती तापवलेली? शेवटी शेवटी २६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सिअस. पाणी उकळतं त्याहूनही वर. तरीही माणसं काही मिनिटं त्यात उभी राहिली आणि चालत बाहेर आली. त्याच खोलीत ठेवलेली अंडी वीस मिनिटांत कडक भाजली गेली. मांसाचा एक तुकडा ३३ मिनिटांत जरा जास्तच शिजला. मग त्यांनी दुसऱ्या तुकड्यावर भात्याने हवा मारली. खोली तेव्हा आणखी थोडी तापलेली होती हे खरं, पण तो तुकडा १३ मिनिटांतच बहुतेक शिजला. तापलेली हवा हलती ठेवली की तिचा परिणाम कितीतरी वाढतो, हे ब्लॅग्डेन यांनी १७७५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे लिहून ठेवलं. उघड्या तोंडाने भर दुपारी गाडी हाकणारा माणूस त्या भात्यासमोर बसलेला असतो.

आता खाली, दोन गुडघ्यांच्या मधे पाहा. त्याच वाऱ्यात तिथे इंजिन मजेत चाललेलं असतं. पेट्रोल जाळून मिळालेल्या उष्णतेचा जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकीची बाहेर टाकावीच लागते. त्यासाठी तर हवेवर निवणाऱ्या इंजिनाच्या अंगावर त्या पातळ पात्या असतात. वाऱ्याला लागायला जागा वाढावी म्हणून. इंजिनाचं डोकं दीडशे अंशांच्या घरात किंवा त्याहून वर तापतं. दीडशे अंशांच्या धातूला ३० अंशांची हवा गार आणि ४५ अंशांचीही गारच. फरक १२०वरून १०५वर आला, बस्स. एकाच गाडीवर, हातभर अंतरावर, एकच वारा एकाला निववतो आणि दुसऱ्याला भाजतो. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवून नुसता पाहत राहिलो होतो.

मग या भट्टीत माणूस ३७ अंशांवर टिकतो कसा? ब्लॅग्डेन आणि मंडळी शिजली का नाहीत? अंड्याला घाम येत नाही, हे त्याचं मोठं कारण.

घाम निघाल्याने माणूस निवत नाही, घाम उडाल्याने निवतो. पाण्याचा थेंब वाफ होऊन जाताना प्रचंड उष्णता सोबत घेतो. एक लिटर घाम कातडीवरून उडाला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून स्वयंपाकघरात जाऊ. नळाचं आठ लिटर पाणी मोठ्या पातेल्यात घेऊन उकळी फुटेपर्यंत तापवायला साधारण तेवढीच उष्णता लागते. कडक उन्हात अंगातून तासाला लिटरभर घाम जाणं ही काही अचाट गोष्ट नव्हे. म्हणजे दर तासाला आठ लिटरचं आधण आपण कातडीवरून हवेत सोडून देतो, आणि तेही गाडी चालवताना, दुसऱ्याच कसल्या तरी विचारात.

आणि इथेच एक फसगत आहे. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी थांबते. मिनिटभरात कपाळावरून धार लागते, पाठीला शर्ट चिकटतो आणि आपल्याला वाटतं, थांबलो म्हणून घाम सुटला. तसं नसतं. घाम पाऊण तासापासून वाहतच होता. विदर्भातली कोरडी हवा आणि गाडीचा वेग मिळून तो फुटल्याफुटल्या उचलून नेत होते, म्हणून तो दिसला नाही. मागे उरलं फक्त मीठ. घरी येऊन काळा शर्ट खुंटीला लावला की पाठीवर आणि काखेखाली पांढऱ्या वेलांट्या दिसतात, ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा. एका लांबच्या फेरीत अशा दोन-तीन रेघा पडतात, प्रत्येक थांब्याची एक. साठ किलोच्या माणसाच्या अंगातलं सव्वा लिटर पाणी गेलं की ताकद आणि लक्ष दोन्ही ढिलं पडू लागतं. गाडीवर ते सव्वा लिटर अंगाला कळूही न देता जातं. तहानेची वाट पाहत बसू नका, असं मी कळकळीने सांगतो ते म्हणूनच.

आता दुपट्टा. तो ऊन अडवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वाऱ्याने हिरावून नेलेला हवेचा तो पातळ थर तो अंगाला परत मिळवून देतो, हे त्याचं खरं मोठेपण. सुती कापडाच्या दोन-तीन घड्यांत हवा अडकून राहते आणि झाव कातडीपर्यंत तशीच पोचत नाही. आणि निघताना तो ओला करून पिळून बांधला तर त्याचा कूलर होतो. नागपुरात घरोघरी खिडकीला लागलेल्या कूलरची वाळ्याची किंवा लाकडाच्या तंतूंची ताटी जे करते, तेच. हवा ४५ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वाऱ्यात धरलेलं ओलं कापड सुमारे २४ अंशांपर्यंत उतरू शकतं. पंचेचाळीसच्या झळेत चोवीस अंशांचा गालाला स्पर्श! केवळ पाणी उडून जातं, एवढ्यावर.

हाच दुपट्टा मुंबईत मात्र हतबल होतो. तिथे ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असली तर ओलं कापड २८च्या खाली जातच नाही. तिथे वारा अजून गार बाजूचा असतो, म्हणून उघडा शर्ट आणि वेग दोन्ही सुखाचे. तेव्हा पाहुण्याची सूचना चुकीची नसते, ती दुसऱ्या हवेतली असते.

ओल्या दुपट्ट्याचं सुख टिकतं मात्र थोडा वेळ. दहा-पंधरा मिनिटांत कडा कडक होतात, मग गालाजवळची ओल जाते आणि एका क्षणी कापड गारचं गरम झाल्याचं स्पष्ट कळतं. जाणती माणसं पाण्याची दुसरी बाटली पिण्यासाठी ठेवत नाहीत, डोक्यावर ओतण्यासाठी ठेवतात.

टायरचंही सांगून टाकतो, कारण दरवर्षी कुणीतरी "उन्हाळ्यात हवा कमीच ठेवा" असा सल्ला देतं. डांबर साठ अंशांवर जातं आणि सकाळी २८ पाउंड भरलेली हवा दुपारी ३३च्या आसपास दिसू शकते, हे खरं. पण कंपनीने सांगितलेला आकडा थंड टायरचा असतो, ही वाढ त्यात धरलेली असते. हवा कमी केली की टायरच्या बाजू अधिक दबतात, मुडपतात आणि त्या मुडपण्यानेच टायर जास्त तापतो. सकाळी, गाडी न चालवता, सांगितली तेवढी भरा.

शरीराची मात्र कमाल आहे, ते स्वतःला बदलतं. रोज उन्हात काम पडलं की दहा-चौदा दिवसांत घाम लवकर फुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. रक्तातलं पाणीही वाढतं. मार्चमधला मी आणि मेअखेरच्या नवतपातला मी, आतून दोन वेगळे गडी असतो. थंड हवेतून थेट मे महिन्यात आलेल्या माणसाला हे आठवडे मिळालेले नसतात. त्याने भर दुपारी लांबचा पल्ला घेऊ नये. आणि कुणाचं बोलणं अडखळू लागलं, वागणं विचित्र झालं, अंग तापलं, तर घाम येत असला तरी ती उष्माघाताची खूण समजावी. सावलीत घ्यावं, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

बुटीबोरीच्या अलीकडे एका कडुलिंबाखाली पन्ह्याची गाडी लागते. मी तिथे थांबतोच. गुळाचं, मीठ घातलेलं पन्हं. आतड्यात साखर आणि मीठ हातात हात घालून रक्तात शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६०मध्ये मांडली, जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी त्यावरच उभं आहे. ग्लास रिकामा होईपर्यंत बंद केलेलं इंजिन टिकटिक करत आकसत असतं.

एकदा तिथे उभ्या उभ्या मी एकेका वस्तूला हात लावत गेलो. सावलीतला दगड, बाकडं, गाडीवाल्याचा तराजू, आरशाची दांडी. सगळं गरम, कारण सगळं हवेइतकं म्हणजे चव्वेचाळीसच्या आसपास पोचलेलं. मग स्वतःच्या गालाला हात लावला, तर तो गार लागला. आणि गाडीखाली ओल्या पोत्यावर ठेवलेल्या माठाला लावला, तोही गार. त्या झाडाखाली आम्ही दोघंच पाझरत होतो.