दाणा खवट का होतो?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाने शेंगदाण्याची चटणी केली. दाणे निवडले, खरपूस भाजले, लसूण-तिखट-मीठ घालून उखळात कुटले. सुरुवातीला दुकानदाराने कौतुक केलं. महिन्याभराने त्यानेच पुडे परत पाठवले. उघडून पाहिलं तर खवट वास! मग आम्ही एकमेकींवर ढकलू लागलो. कुणी म्हणे दाणे कच्चे राहिले, कुणी म्हणे पुडे नीट बंद केले नाहीत. कृषी विज्ञान केंद्रातल्या ताईंनी मात्र विचारलं, "दाण्याचा वाण कोणता होता?" तो आम्हाला एकीलाही सांगता आला नाही. त्यांनी जे समजावलं, ते आज तुम्हाला सांगतो.

शेंगदाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं. उगवणाऱ्या कोंबासाठी झाडाने बांधून दिलेली ती शिदोरी. पानांत तयार झालेली साखर दाण्यात येते आणि तिथे तिचं तेल बनतं. तेल कधी बनवायचं, किती बनवायचं आणि कोणत्या जातीचं बनवायचं, याच्या सूचना झाडाच्या प्रत्येक पेशीत असतात. आईच्या वहीत पाककृती असतात ना, तशा. अशा एकेका सूचनेला जनुक म्हणतात.

यातलं एक जनुक म्हणजे जणू मुकादमच. ते हुकूम देतं, तेव्हा साखरेचं तेल करणारी बाकीची जनुकं कामाला लागतात. मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपात हे जनुक बिघडलेलं सापडलं. त्या रोपाच्या बिया सुरकुतलेल्या होत्या आणि त्यांत तेल फार थोडं होतं. म्हणून त्या जनुकाचं नावच 'रिंकल्ड-१', म्हणजे सुरकुतलेलं, असं पडलं. पामतेल बियांपेक्षा फळाच्या गरातून जास्त निघतं. त्या गरातही हाच मुकादम जोरात काम करतो.

आता आपल्या खवटपणाकडे येऊ. शेंगदाण्याच्या तेलात मुख्यतः दोन आम्लं असतात, ओलिक आणि लिनोलिक. आधी ओलिक बनतं. मग 'फॅड-२' नावाचं जनुक त्यातल्या काही भागाचं लिनोलिक करतं. लिनोलिक वाईट नव्हे, शरीराला ते थोडं लागतंच. पण हवा लागली की ते ओलिकपेक्षा कितीतरी लवकर बिघडतं. दाणे भाजून कुटले की तेल हवेला जास्त उघडं पडतं, त्यात उन्हाळ्याची उष्णता. झाली चटणी खवट!

भुईमूग दोन रानटी जातींच्या संकरातून आला आहे, त्यामुळे त्याच्यात फॅड-२ दोन्ही घराण्यांकडून आलेलं असतं. एक बंद पडलं तरी दुसरं काम चालू ठेवतं. दोन्ही बंद असतील तरच ओलिक भरपूर राहतं. असा भुईमूग अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांना मिळाला. १९८७ साली त्यांनी ते जाहीर केलं. पुढे जुनागढची भुईमूग संशोधन संस्था आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट यांनी मिळून आपल्याकडे गिरनार-४ आणि गिरनार-५ हे वाण तयार केले. साध्या दाण्याच्या तेलात ओलिक निम्म्याच्या आसपास असतं, या वाणांत ते ८० टक्क्यांच्या जवळपास जातं. यासाठी बाहेरचं जनुक घातलेलं नाही. नेहमीसारखा संकर केला आणि कोणत्या रोपात हवी ती जनुकं आली आहेत, हे तपासून निवड केली.

मैत्रिणींनो, खरी मेख पुढेच आहे. हा दाणा आणि साधा दाणा शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. भुईमुगाचं परागीकरण बहुतेक त्याच्या त्याच फुलात होतं, म्हणून घरचं बी धरता येतं, गुण टिकतो. पण खळ्यावर दोन वाण मिसळले की ते निवडून वेगळे करणं कुणाच्याही हातात नाही. आणि बी राखणं तर आपल्याच हातचं काम! म्हणून शेंगा वेगळ्या वाळवा, पोतं वेगळं ठेवा, त्यावर वाणाची चिठ्ठी बांधा. हा वाण आपल्या भागासाठी शिफारस केलेला आहे का, तेही आधी विचारून घ्या.

एक मात्र ध्यानात ठेवा, जनुक बुरशी अडवत नाही. शेंगा कडकडीत वाळवायलाच हव्यात. बुरशी आलेला, काळपट, कडू दाणा चटणीत नको आणि गुराच्या पेंडीतही नको.

यंदा आमच्या गटाने थोड्या जागेत नवा वाण पेरला आहे. दोन्ही दाण्यांची चटणी एकाच दिवशी, एकाच कढईत एकामागून एक दाणे भाजून करणार आहोत. दोन बरण्या शेजारी ठेवून दर पंधरा दिवसांनी वास घेऊ. काय होतं ते इथेच सांगू. तोवर तुम्हीही आपल्या घरच्या पोत्यावर वाणाचं नाव आहे का, ते बघून ठेवा. नमस्कार!