विमानाचा सांधा

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या नातवाचें विमान पडलें. विमान म्हणजे माणसांनीं बसावयाचें नव्हे. हलक्या फोमचें, सव्वा मीटर पंखांचें, पुढें विजेचा पंखा व पोटांत बॅटरी असलेलें, आणि माळावर उभ्या असलेल्या मुलाच्या हातांतील रेडिओच्या पेटीवरून वळणारें असें हें खेळांतील विमान. वजन सव्वा किलो. एवढें वजन वीस मीटरांवरून खालीं आलें तर त्याला खेळणें म्हणवत नाहीं, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

दोन मिनिटें तें घारीसारखें छान फिरलें. मग नातवानें पूर्ण वेग देऊन तें वर चढविलें आणि एकाएकीं आवाज बंद पडला. नुसता पंखा थांबता तर फारसें बिघडलें नसतें. असें विमान तरंगत उतरवितां येतें. परंतु शेपटीचें सुकाणूंही हलेना. रेडिओचा संदेश घेणाऱ्या यंत्रालाही वीज त्याच बॅटरीकडून मिळते. त्यामुळें मुख्य तारेचा सांधा सुटतांच घोडाही गेला आणि लगामही गेला. गवत कापीत बसलेल्या एका बाईपासून दहा पावलांवर तें नाक खुपसून पडलें. तिचें तान्हें मूल शेजारीं फडक्यावर निजलें होतें. बाई कांहीं बोलली नाहीं. तिनें मूल उचलून घेतलें आणि ती आमच्याकडे नुसती पाहत राहिली. आम्हीं आयुष्यभर मुलांना उत्तरें शिकविलीं. त्या दृष्टीपुढें मात्र एकही सुचलें नाहीं.

घरीं येऊन पाहतों तों बॅटरीच्या टोंकाशीं असलेल्या पिवळ्या कनेक्टरांतून तांबडी तार अलगद निघून आली. ह्या कनेक्टरास एक्सटी-६० म्हणतात. साठ अँपिअर प्रवाहाचा तो मानकरी. त्यांत तार नातवानेंच डाख देऊन बसविली होती. “आजोबा, ओढून पाहिली होती हो मी! घट्ट होती,” असें म्हणतांना त्याचा स्वर रडवेला झाला होता. तो खोटें बोलत नव्हता. जमिनीवर घट्ट असलेला सांधा आकाशांत सुटला कसा, हाच प्रश्न होता.

आम्ही संस्कृतचे मास्तर. विज्ञानाचा तास आमच्याकडे आला तो बदलीचा म्हणूनच. तरी नातवाला पाटी घेऊन बसविलें. बॅटरी तीन कोशांची, म्हणजे सुमारें ११ व्होल्टांची. पूर्ण वेगांत प्रवाह ५० अँपिअर. शक्ति साडेपांचशे वॅट, म्हणजे स्वयंपाकघरांतील मिक्सरएवढीच. परंतु दाब थोडा असल्यामुळें प्रवाह मोठा. २००० वॅटांचा गीझर घरच्या २३० व्होल्टांवर नऊ अँपिअरही घेत नाहीं. तेव्हां साडेपांच गीझरांचा प्रवाह त्या करंगळीएवढ्या सांध्यांतून जात होता! आतां सांध्यांत उत्पन्न होणारी उष्णता ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. रोध ओहमचा एक सहस्रांश असेल तर अडीच वॅट. परंतु डाख नीट न लागल्यामुळें तोच रोध दसपट झाला तर पंचवीस वॅट! आणि नातवाचें सोल्डरिंग आयर्न केवढें होतें? पंचवीस वॅटांचेंच. वाईट सांधा म्हणजे विमानाच्या पोटांत बसविलेलें, आपलेंच सोल्डर वितळविणारें दुसरें आयर्न. खालीं हातानें ओढून त्याची परीक्षा कशी व्हावी?

सुटलेलें टोंक भिंगाखालीं धरलें. सोल्डरचा एक मळकट, दाणेदार गोळा कनेक्टरच्या पेल्यांत बसला होता आणि त्यांत तारेचा साचा उमटला होता. थंड भातावर तुपाचा गोळा बसावा तसें तें दिसलें. मुरलें कांहींच नव्हतें.

तें पाहतांच आम्हांस लहानपणचा कल्हईवाला आठवला. आळींत येऊन तो जमिनींत भट्टी करी, भाता चालवी, भांडें तापवी. नवसागराची पूड टाकली कीं पांढरा धूर उठे, कथलाची कांडी तापल्या पितळेला लावतांच कथील पाण्यासारखें पळे, आणि तो तें कापसाच्या बोळ्यानें सर्वत्र फिरवी. कथील वितळवून भांड्यावर ओततांना आम्हीं त्याला कधीं पाहिलें नाहीं. तापवावयाचें तें भांडें; कथील आपोआप वितळतें. नातवानें नेमकें उलट केलें होतें. त्यानें सोल्डर आयर्नच्या टोंकावर वितळविलें आणि थेंब थंड तांब्यावर सोडला.

पण तांबें तापावें कसें? ही तार सव्वातीन चौरस मिलिमीटर छेदाची, केसासारख्या शेंकडों तारांची. तांब्यासारखा उष्णतेचा वाहक दुसरा कोण? (चांदी आहे; पण ती कोण वापरणार!) लहान आयर्न जेवढी उष्णता देई तेवढी तार मागल्या मागें पळवून नेई. नातवास मोठ्या आयर्नची भीति वाटे, कीं कनेक्टरचें नायलॉन वितळेल. प्रत्यक्षांत लहान आयर्न मिनिटभर टेकवून धरल्यानेंच तें मऊ होऊन आंतली खुंटी कलली होती. शंभर वॅटांचें, छिन्नीसारख्या रुंद टोंकाचें आयर्न तेंच काम चारपांच सेकंदांत उरकतें आणि नायलॉनाला तापावयास अवधीच देत नाहीं.

सोल्डर आणलें तें ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें असें, पोटांत राळ भरलेलें. कथील २३२ अंशांवर वितळतें, शिसें ३२७ वर. आणि ह्या प्रमाणांत एकत्र येतांच दोघेंही १८३ अंशांवर वितळतात. चमकाच्या पांचव्या अनुवाकांत सीस आणि त्रपु हीं नांवें शेजारींशेजारीं येतात; त्यांची मैत्री इतकी गाढ असेल हें पठण करतांना आमच्या ध्यानींमनीं नव्हतें. राळेचें काम नवसागराचेंच, म्हणजे तांब्यावरील गंज खाऊन सोल्डरला स्वच्छ धातु दाखविणें. नवसागर मात्र येथें चालत नाहीं. मागें राहिलेला अंश तार कुरतडतो. राळेचा धूर छातीला वाईट म्हणून खिडकी उघडी ठेवली. शिशाचे हात साबणानें धुतल्यावांचून कोणास फराळाला बसूं दिलें नाहीं.

आतां आमचा स्वतःचा पराक्रम सांगणें प्राप्त आहे. जुना कनेक्टर कापण्याचें काम आम्हीं हौसेनें अंगावर घेतलें आणि तांबडी व काळी अशा दोन्ही तारा एकदमच पकडींत धरून दाबल्या. फट्‌ असा आवाज, निळी ठिणगी, आणि पकडीच्या पात्याला मसुराएवढी खांच! भरलेल्या बॅटरीचीं दोन्ही टोंकें आम्हीं लोखंडानें जोडलीं होतीं. तीं तशींच चिकटून राहतीं तर लिथियमची ती बॅटरी पेटती. नातवानें तोंडावर हात ठेवला. तो भीतीनें कीं हसूं दाबण्यासाठीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. बॅटरी अंगणांत विटांवर ठेवून तासभर पाहिली. ती ना तापली ना फुगली. पुढें एका वेळीं एकच तार कापली, आणि एकीचा सांधा झांकल्याखेरीज दुसरी उघडली नाहीं.

आधीं उष्णतेनें आकसणारी नळी तारेवर ओंवली. (पहिल्या खेपेस ती विसरलों, हेंही लिहून टाकतों.) मग तारेला कल्हई केली, इंग्रजींतही ह्या क्रियेस टिनिंग, म्हणजे कथील चढविणें, असेंच म्हणतात. कनेक्टरच्या पेल्यालाही तशीच. खुंटी कलूं नये म्हणून समोर त्याचा जोडीदार खुपसून ठेवला, मात्र त्याचीं मागचीं टोंकें चिकटपट्टीनें झांकून. तार पेल्यांत ठेवून आयर्न बाहेरून पेल्याला टेकविलें, आणि क्षणभरानें सोल्डर तारेंत शिरतांना डोळ्यांनीं दिसलें. आयर्न काढल्यावर दहा आंकडे मोजीपर्यंत हात हलवावयाचा नाहीं कीं फुंकर घालावयाची नाहीं. सांधा चकचकीत आला.

दुसऱ्या दिवशीं विमान अंगणांतील खुंट्याला बांधून, मागें उभें राहून, अर्धा मिनिट पूर्ण वेगानें पंखा फिरविला. लागलीच कनेक्टरला बोट लावलें. कोमट.

रविवारीं पुन्हां माळावर गेलों. ती बाई त्या दिवशीं तेथें नव्हती. तरी विमान पिशवींतून काढण्यापूर्वीं नातवानें कोणी न सांगतां साऱ्या माळाला एक फेरी घातली, आणि गवतांत कोणी बसलें नाहींना, हें पाहून तो परत आला.