तोंड नसलेला कृमी

फेब्रुवारी १९७७. गॅलापागोस बेटांजवळ ‘नॉर’ हे अमेरिकी संशोधन जहाज सुमारे अडीच किलोमीटर खोल समुद्रतळावरून एक कॅमेरा ओढत चालले होते. भूशास्त्रज्ञांना तळाच्या भेगांतून निघणारे गरम पाणी शोधायचे होते. एका जागी तापमान किंचित चढले आणि लगेच उतरले. फिल्म धुतल्यावर सुमारे ३००० छायाचित्रांत ओसाड लाव्हा दिसला. तापमान चढले त्या वेळच्या १३ छायाचित्रांत मात्र शिंपल्यांची दाटी होती!

‘अल्विन’ पाणबुडीतून भूशास्त्रज्ञ जॅक कॉर्लिस खाली उतरले. खोल समुद्र म्हणजे वाळवंट, असेच सारे मानत. इथे तर वीतभराहून मोठे शिंपले आणि पांढरे खेकडे होते. पुढे लाल तुऱ्यांचे नळीकृमीही सापडले. मोहिमेत एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता, म्हणून काही नमुने चक्क व्होडकात बुडवून ठेवले. वर आणलेल्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येत होता: हायड्रोजन सल्फाइड.

पण खरा पेच पुढेच होता. हा नळीकृमी, रिफ्टिया, दोन मीटरपर्यंत वाढतो. त्याला ना तोंड, ना आतडे. मग तो जगतो कशावर?

१९८० मध्ये हार्वर्डला जीवशास्त्रज्ञ मेरेडिथ जोन्स याच कृमीवर व्याख्यान देत होते. त्याच्या शरीरातल्या एका मऊ ऊतीत गंधकाचे स्फटिक सापडल्याचे त्यांनी सांगितले आणि पहिल्या वर्षाची संशोधक विद्यार्थिनी कॉलीन कॅव्हनॉ उठून उभी राहिली. गंधकाच्या संयुगांतून ऊर्जा मिळवणारे जिवाणू कृमीच्या आतच राहत असणार, असे ती ठामपणे म्हणाली. मला या शोधातला सर्वांत थरारक क्षण हाच वाटतो. तिने नमुना मिळवला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ती ऊती जिवाणूंनी खच्चून भरलेली होती. १९८१ मध्ये ‘सायन्स’मध्ये तिचा निबंध आला.

तुऱ्यातले हिमोग्लोबिन सल्फाइड आणि ऑक्सिजन दोन्ही उचलते, जिवाणूंपर्यंत पोचवते. या दोहोंच्या अभिक्रियेतून मिळणाऱ्या ऊर्जेवर जिवाणू कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात. कृमी त्यावर पोसतो. हेच रसायनसंश्लेषण. अन्नसाखळीचा पाया इथे हिरव्या वनस्पतींवर उभा नाही. तरीही सूर्याशी नाते पुरते तुटलेले नाही, हे विद्यार्थ्यांनी जरूर टिपावे: हे जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो.